‘सुटला’ म्हणजे काय?

तुरुंगाचे आम्हां रत्नागिरीकरांना फारसे नवल वाटत नाही. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला, आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. त्या मंडालेचा राजा थिबा त्यापूर्वीच बंदिवान म्हणून आमच्याकडे आलेला होता आणि १९१६ साली तो येथेच वारला. सावरकर अंदमानातून परतल्यावर काही काळ येथल्या तुरुंगात होते आणि पुढे १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध म्हणून याच गावात राहिले. अशा गावात वाढलेला माणूस ‘अमक्याला अटक झाली’ हे शब्द ऐकून कानांवर हात ठेवीत नाही. बेचाळीस साली पकडली गेलेली म्हातारी माणसे एके काळी कोकणातल्या कितीतरी घरांत होती, आणि त्यांची ती अटक म्हणजे त्या घरचा दागिनाच असे. पाहुणा आला की तो दागिना हटकून बाहेर निघावयाचा!

परंतु अटकेअटकेत फरक असतो. शिमग्याच्या रात्री एस. टी. स्टँडवर झिंगून आरडाओरडा केला म्हणून पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसाची अटक कोणी दागिना म्हणून मिरवीत नाही. ती ट्रंकेच्या तळाशी जाते, आणि घरातल्या माणसांनी तिच्यावर शक्य तितके कपडे रचून ठेवलेले असतात. माणूस पुढे सुधारतो, बाटलीला शिवत नाही, वेळेवर घरी येतो, मुलीचा अभ्यास घेतो. आणि मग एके दिवशी नोकरीचा छापील फॉर्म समोर येतो. त्यातला एक रकाना सरळच विचारतो : आपणांस कधी अटक झाली होती काय?

या रकान्याविषयी मला आज चार शब्द लिहावयाचे आहेत. मी वकील नव्हे, डॉक्टरही नव्हे. मराठीचा प्राध्यापक आहे. परंतु मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक केवळ कवितेचा अर्थ विचारावयास येतात, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. अर्ज लिहून द्या, या इंग्रजी वाक्याचे मराठी सांगा, वर्तणुकीचा दाखला द्या, या कागदांवर सही करा, अशी कामे घेऊन येणारे माजी विद्यार्थी ज्ञानेश्वरी विचारणाऱ्यांहून कितीतरी अधिक असतात. त्यांतल्याच एकाने हा विषय माझ्या पदरात टाकला.

हा विद्यार्थी वर्गात असताना मोठा बोलका होता. पुढे पिऊ लागला. प्रथम मित्रांबरोबर, मग मित्रांवाचून, आणि शेवटी मित्र चुकवून. त्या काळातच शिमग्याची ती रात्र आली. पोलीस ठाण्यात एक रात्र, दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहणे, थोडासा दंड, आणि घर. शहाणा माणूस एवढ्यावर सावध झाला असता, परंतु हा आजार शहाणपणाला जुमानीत नाही. आणखी पाच वर्षे तशीच गेली. शेवटी बायको आणि मेहुणा त्याला पुण्याला मुक्तांगणात घेऊन गेले. तेथे तो पस्तीस दिवस राहिला. परत आल्यावर मद्यमुक्तांच्या सभांना जाऊ लागला. माझ्याकडे फॉर्म घेऊन आला तेव्हा त्याला थेंब न घेता चार वर्षे झाली होती. तो आणि त्याची पत्नी, दोघेही आले होते.

फॉर्म एका संस्थेतल्या कारकुनाच्या जागेचा होता. अटकेच्या रकान्यात त्याने पेन्सिलीने ‘नाही’ असे लिहिलेले मला दिसले.

मी म्हटले, “अरे, हे काय?”

तो म्हणाला, “सर, मी तर तेव्हाच दंड भरून सुटलो!”

वाचकहो, या ‘सुटलो’ने मला विचारात पाडले. आपल्या भाषेत हा शब्द फार दयाळू आहे. जामीन मिळाला तरी माणूस ‘सुटला’, दंड भरला तरी ‘सुटला’, शिक्षा भोगून बाहेर आला तरी ‘सुटला’, आणि न्यायाधीशाने निर्दोष ठरविले तरीही ‘सुटला’च. कायद्याला मात्र या चार सुटका चार निरनिराळ्या गोष्टी वाटतात. जामीन मिळाला म्हणजे खटला उभाच आहे. निर्दोष ठरला म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही, तथापि अटक झाली होती हे खरेच राहते. आणि गुन्हा कबूल करून दंड भरला, तर ती सुटका नसून चक्क दोषसिद्धी आहे. दंडाची रक्कम किती का लहान असेना, कोर्टाच्या दप्तरात त्या माणसाच्या नावापुढे ‘दोषी’ असेच लिहिलेले असते. रोजच्या बोलण्यात सुटलेली कितीतरी माणसे कागदावर अजून अडकलेली आहेत, आणि त्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो.

हे प्रकार आपल्याकडे थोडे नाहीत. मुंबई इलाख्यात १९४९ साली झालेला दारूबंदीचा कायदा आजही ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने हयात आहे. दुकाने उघडी असली तरी कायद्याच्या लेखी पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्याच कायद्याचे ८५ वे कलम पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन करणाऱ्यास लागू होते. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही अशा दारुड्यासाठी चोवीस तासांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. गाडी हाकणाऱ्याच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले, तर मोटार वाहन कायद्यान्वये पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यांतल्या कोणत्याही वाटेने गेलेला माणूस त्या रकान्यापाशी येऊन अडखळणार, हे ठरलेले आहे.

अटक म्हणजेच अपराध, असे मात्र कोणी समजू नये. दारूबंदीच्या ऐन भरातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईत बेहराम खुर्शेद पेसिकाका नावाचे एक सरकारी अधिकारी रात्री जीप हाकीत चालले होते. हुद्द्याने हे गृहस्थ प्रादेशिक परिवहन अधिकारी, म्हणजे मोटारींना शिस्त लावणाऱ्या खात्याचेच! त्यांच्या जीपखाली तीन माणसे सापडली, आणि त्यांच्या तोंडाला मद्याचा वास आला. त्यांचे म्हणणे असे, की आपण मद्यार्क असलेले एक शक्तिवर्धक औषध घेतले होते. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडले, हायकोर्टाने दारूबंदीच्या कलमाखाली दोषी ठरविले, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते दोषी ठरविणे रद्द केले. एकच रात्र, एकच वास, आणि तीन पायऱ्यांवर तीन निकाल! पेसिकाका व्यसनी होते असे कोणीच म्हटलेले नाही, आणि मलाही तसे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे एवढेच, की अटक ही गोष्टीची सुरुवात असते. शेवट काय झाला हे विचारल्यावाचून जो माणसाची किंमत ठरवितो, तो कादंबरीचे पहिले पान वाचून परीक्षण लिहिणाऱ्या टीकाकारासारखा होय.

मग लपवून ठेवावे काय? या बाबतीत न्यायालयांनी जे म्हटले आहे ते ध्यानात घेण्यासारखे आहे. केंद्रीय विद्यालय संघटनेतल्या रामरतन यादव नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने, आपल्यावर खटला चालू असताना, फॉर्मवर ‘नाही’ असे लिहिले होते. पुढे तो खटला सरकारनेच मागे घेतला. फॉर्म इंग्रजीत होता, माझे शिक्षण हिंदीतून झाले, असेही त्याने सांगून पाहिले. परंतु पदवीधर शिक्षकाच्या तोंडी ही सबब न्यायालयाला पटली नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला नोकरीतून काढणे कायम केले. खटला उरला नव्हता, पण खोटे उत्तर उरले होते, आणि नोकरी त्या उत्तराने घेतली.

उलट २०११ साली दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या संदीपकुमार नावाच्या तरुणाचे प्रकरण आले. विशीत झालेल्या एका मारामारीचा खटला तडजोडीने मिटून तो निर्दोष सुटला होता. मूळ अर्जात त्याने हे सांगितले नव्हते, नंतरच्या फॉर्मात मात्र सांगितले. तेथे न्यायमूर्तींना ह्यूगोच्या कादंबरीतला जाँ व्हालजाँ आठवला. पावाच्या एका तुकड्यासाठी चोर ठरलेला आणि जन्मभर तोच शिक्का वागविणारा तो माणूस! कादंबरीत त्याच्यापाशी पिवळ्या रंगाचा परवाना असतो, आणि तो पाहताच गावोगावची दारे बंद होतात. आमच्या फॉर्मातला तो रकाना पांढऱ्या कागदावर छापलेला असतो, इतकाच काय तो भेद. न्यायालय संदीपकुमारच्या बाजूने उभे राहिले.

निकाल असे दोन बाजूंना ओढू लागले, तेव्हा २०१६ साली अवतारसिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सारे नियम एकत्र मांडले. त्यांचा सारांश माझ्या भाषेत असा : विचारलेली माहिती खरी दिली पाहिजे. प्रश्न मात्र स्पष्ट असला पाहिजे, आणि जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून कोणाला दोष देता येणार नाही. तरुणपणीच्या घोषणा किंवा असाच एखादा किरकोळ गुन्हा लपविला गेला असेल, तर मालकाने तारतम्य वापरून तिकडे दुर्लक्ष करावे. आणि शेवटची गोष्ट कडू आहे. खरे सांगितले म्हणून नोकरी दिलीच पाहिजे, अशी सक्ती मालकावर नाही.

हे सारे मी त्या दोघांना सांगितले. तो खिन्न झाला. म्हणाला, “म्हणजे सर, खोटं लिहिलं तर पुढं कधी तरी जाणार, आणि खरं लिहिलं तर आत्ताच जाणार!”

हिशेब बिनचूक होता. पुष्कळ सभ्य माणसे याच हिशेबाने ‘नाही’ लिहितात, आणि त्यांना लबाड म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. घरी मुलीची फी भरावयाची असते.

परंतु उत्तर माझ्याऐवजी त्याच्या पत्नीने दिले. इतका वेळ ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत गप्प बसली होती. ती म्हणाली, “सर, यांच्या पिण्यापायी दहा वर्षं मी खोटं बोलले. कामावर निरोप पाठवायचा, ताप आलाय. सासूबाईंना सांगायचं, ओव्हरटाइम आहे. मुलीला सांगायचं, बाबा दमलेत. बाटली बंद झाली तेव्हा मला वाटलं, माझं खोटं बोलणंही संपलं. आता या कागदासाठी ते पुन्हा सुरू करायचं का?”

व्यसनमुक्तीवरची पुस्तके मी थोडीफार चाळली आहेत, परंतु त्या आजाराचे मर्म इतक्या थोड्या शब्दांत मला कोठे आढळले नाही. दारू एकटी राहत नाही. तिच्याबरोबर खोटेपणा बिऱ्हाडाला येतो आणि घरातल्या प्रत्येकाकडून आपले भाडे वसूल करतो. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मद्यमुक्तांच्या संघटनेने बारा पायऱ्या आखल्या, त्यांत मद्याइतकाच भर खरेपणावर आहे : आपला हिशेब मांडा, तो दुसऱ्या माणसापुढे वाचा, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करा. आणि तेथेही एक शहाणपणाची मर्यादा घातली आहे, की भरपाई करताना दुसऱ्याला इजा होत असेल तर ती तशी करू नये. बाटली सुटली पण खोटे सुटले नाही, तर माणूस अर्धाच सुटला. प्रत्येक टपालाला, साहेबाच्या प्रत्येक बोलावण्याला त्याच्या छातीत धस्स होते. आणि ते धस्स शांत करण्याचा त्याला ठाऊक असलेला जुना उपाय कोणता, हे सांगावयास नको.

येथे एक गोष्ट काळजीपूर्वक वेगळी केली पाहिजे, कारण लोक तिचा घोटाळा करतात. आजार निराळा आणि अटक निराळी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य आणि मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे, आणि अशा रुग्णाला आपल्या उपचारांविषयी गुप्ततेचा हक्क दिला आहे. तेव्हा ‘मी पस्तीस दिवस कोठे होतो’ हे कारकुनाच्या जागेसाठी गावभर सांगत सुटण्याचे कारण नाही. मधुमेहाचा रोगी आपली साखर अर्जावर लिहितो काय? अटक मात्र सरकारी दप्तरातली गोष्ट आहे. ती विचारली तर सांगावी, विचारली नाही तर आपण होऊन चहाच्या टपरीवर तिचे कीर्तन करू नये. पुष्कळांना वाटते, की खरेपणा म्हणजे सर्वांना सर्व सांगणे. तसे नाही. ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्याने जे विचारले, त्याचे पुरे उत्तर देणे म्हणजे खरेपणा.

मग आम्ही तिघे बसलो आणि उत्तराचा मसुदा केला. अमुक तारखेस रत्नागिरीत मद्यप्राशन करून सार्वजनिक जागी गैरवर्तन केल्याबद्दल मला अटक झाली. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गुन्हा कबूल केला व दंड भरला. निकालाची प्रमाणित नक्कल सोबत जोडली आहे. त्यानंतर माझ्यावर कोणताही खटला झालेला नाही. एवढे चार वाक्यांत झाले. बरोबरचे मित्र कोण होते, पोलीस कसे वागले, आपली त्या वेळची मनःस्थिती काय होती, यांतले अक्षरही त्यात घातले नाही. ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ हे त्याचे आवडते वाक्य मी खोडले. दया मागणारा अर्ज वाचणाऱ्याला आधीच वरच्या खुर्चीवर बसवितो.

पाचवे वाक्य घालावे की नाही, यावर जरा चर्चा झाली. ‘गेली चार वर्षे मी मद्यापासून पूर्णपणे दूर आहे,’ हे ते वाक्य. कायद्याने ते लिहिण्याची गरज नव्हती, आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितले. तो क्षणभर थांबून म्हणाला, “सर, वरची चार वाक्यं जुन्या माणसाची आहेत. हे एक तरी माझं असू दे.” ते वाक्य राहिले.

निकालाची नक्कल मिळविण्यासाठी त्याला कोर्टात दोनतीन हेलपाटे घालावे लागले. हा त्रास प्रत्येकाने घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. आपल्या खटल्याचे काय झाले हे ऐकीव माहितीवर लिहू नये. अटक, खटला, दंड, दोषसिद्धी हे प्रश्न पुष्कळ फॉर्मांत सुटेसुटे विचारलेले असतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यात घातले की खऱ्याचे खोटे व्हावयास वेळ लागत नाही.

आता पलीकडच्या खुर्चीवर बसणाऱ्यांकडे वळतो, कारण माझा खरा अर्ज त्यांच्यापाशी आहे.

त्या संस्थेने माझ्या विद्यार्थ्याला मुलाखतीला बोलावले. फॉर्म पाहून एक सदस्य दुसऱ्याकडे वळला, दुसरा खिडकीबाहेर पाहू लागला. “कळवतो” असे उत्तर मिळाले. ते कळविणे अद्याप चालू असावे!

मराठी वाचकाला येथे गडकऱ्यांचा सुधाकर आठवल्यावाचून राहणार नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधला पहिला प्याला आपण सारे लक्षात ठेवतो. तळीराम, वकिलीची सनद, अपमान, सारे काही पाठ असते. परंतु दारू सोडण्याचा निश्चय करून सुधाकर कामधंदा शोधावयास निघतो आणि जुने ओळखीचे लोक त्याला झिडकारतात, तो भाग आपण हलकेच विसरतो. पहिला प्याला तळीरामाने दिला हे खरे. पण सोडलेला प्याला पुन्हा त्याच्या हाती कोणी दिला? ते लोक प्रतिष्ठित होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही स्वतःच्या हाताने बाटली उचललेली नव्हती. वर्गात हे नाटक शिकविताना मला नेहमी वाटते, की तळीरामाला आपण शंभर वर्षे शिव्या दिल्या, आता थोडे त्या प्रतिष्ठितांकडेही पाहावे.

मालक मंडळींचे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते सारेच खोटे नाहीत. शाळेच्या बसचा ड्रायव्हर नेमावयाचा आहे आणि उमेदवाराला मागच्याच वर्षी पिऊन गाडी हाकताना पकडले होते, तर मी स्वतःही माझे मूल त्या बसमध्ये बसविणार नाही. गुन्ह्याचा आणि कामाचा संबंध पाहिलाच पाहिजे. परंतु नऊ वर्षांपूर्वी स्टँडवर ओरडलेल्या माणसाने आज जावक-आवक वही लिहू नये, यात कोणता संबंध आहे?

दुसरा आक्षेप असा, की “उद्या पुन्हा प्यायला तर?” पिईलही. हा आजार उलटतो, हे डॉक्टर सांगतात आणि मद्यमुक्त स्वतःही सांगतात. म्हणूनच ते ‘माझी दारू सुटली’ असे छातीठोकपणे म्हणत नाहीत. ‘आजचा दिवस प्यालो नाही’ असे म्हणतात. परंतु ज्याला कधी अटक झाली नाही तो पीत नाही, असा काही नियम आहे काय? त्या रात्री त्याला कोणी पाहिले नाही, इतकेच. आपल्या कचेरीत सोमवारी हटकून ‘पोट बिघडणारे’ जे सद्गृहस्थ आहेत त्यांचा फॉर्म अगदी कोरा असतो. कामावर पिऊन येणाऱ्याला घरी पाठविण्याचा अधिकार मालकाला सर्वांच्याच बाबतीत आहे. तो या एकाच्या बाबतीत आधीच वापरण्याचे कारण काय?

कायद्याने काही ठिकाणी विसरण्याची मुदत घालून दिलेली आहे. आमच्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले आखातात जातात, म्हणून पासपोर्टचे उदाहरण देतो. तेथे दोषसिद्धीवरून पासपोर्ट नाकारावयाचा तर ती मागच्या पाच वर्षांतली, नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याची आणि निदान दोन वर्षांच्या शिक्षेची असावी लागते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली ज्याला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. इंग्लंडात १९७४ पासून असा कायदा आहे, की ठराविक वर्षे सरळ वागलेल्या माणसाची पुष्कळशी जुनी शिक्षा ‘सरलेली’ समजावी, आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगण्याचे बंधन राहू नये. मुलांच्या सहवासातली कामे अर्थात त्याला अपवाद आहेत. अमेरिकेतल्या हवाई राज्याने १९९८ साली ठरविले, की मालकाने आधी माणूस पसंत करावा आणि मगच त्याच्या जुन्या शिक्षा विचाराव्या. आमचे फॉर्म मात्र विचारतात, ‘कधी’. या ‘कधी’ला ना आरंभ आहे ना अंत. विशीतली चूक साठीपर्यंत दारात उभी!

मी काही क्रांती मागत नाही. प्रश्न विचारावयाचा तर स्पष्ट विचारा, किती वर्षांपूर्वीपर्यंतचे हवे ते लिहा, आणि उत्तरासाठी ‘होय / नाही’च्या खाली चार ओळींची जागा ठेवा. ज्याने ‘होय’ लिहिले त्याला समोर बसवून एकच प्रश्न विचारा, “त्यानंतर काय झाले?” नकार द्यावयाचा असेल तर तोही तोंडावर द्या. कळवितो म्हणून गप्प बसणे हा नकाराचा सर्वांत क्रूर प्रकार आहे, कारण माणूस रोज टपालाची वाट पाहतो आणि रोज नव्याने नाकारला जातो.

माझ्या विद्यार्थ्याला पुढे काही महिन्यांनी मासळीच्या एका कारखान्यात भांडाराचे काम मिळाले. तेथेही त्याने तीच पाच वाक्ये दिली. मॅनेजरने कागद दोनदा वाचला आणि विचारले, “सकाळी सातला येशील?” तो म्हणाला, “येईन.” “सहा महिने बघू,” एवढेच ते बोलले. आज तिसरे वर्ष चालू आहे. याचा अर्थ खरे बोलणाऱ्याला शेवटी नोकरी मिळतेच, असा मी काढीत नाही. त्याच्या सभेतल्या एकाने असेच खरे लिहिले, आणि त्याला अजून कोठेही कायमचे काम नाही. तो आंब्याच्या दिवसांत पेट्या भरतो आणि उरलेले वर्ष मिळेल ते करतो. तो अद्याप प्यालेला नाही, हे त्याचे मोठेपण आहे. त्याला काम मिळत नाही, हे आमचे लहानपण.

‘सुटणे’ हे क्रियापद व्याकरणात अकर्मक म्हणून शिकवितात, म्हणजे त्याला कर्म लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला ते आपोआप घडल्यासारखे वाटते. व्यवहारात मात्र तसे नाही. दारू माणसाला स्वतः सोडावी लागते, खोटेपणाही त्यालाच सोडावा लागतो. परंतु मागच्या अटकेतून तो कितीही धडपडला तरी एकटा सुटू शकत नाही. ती शेवटची गाठ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते. दिवाळीत आपण जुन्या वह्या बंद करून नव्या वहीचे पूजन करतो. हा अंक ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापैकी कोणी दुकानाचे मालक असतील, कोणी संस्थाचालक, कोणी निवड समितीवर बसणारे. त्यांच्या टेबलावर येत्या वर्षात एखादा फॉर्म येईल, की ज्यात कोणी तरी हात थरथरत ‘होय’ असे लिहिलेले असेल. त्या ‘होय’च्या पुढच्या चार ओळी त्यांनी अवश्य वाचाव्या.